मुले वाचावयास कशी शिकतात?

"आम्हांस अक्षर येत नाही, मुलाच्या वाचनास आमचा काय उपयोग?" असे कित्येक पालक म्हणतात. हा समज मुलांचे नुकसान करणारा आहे, म्हणून त्याचा येथे थोडा विचार करू.

वाचनात दोन क्रिया असतात. अक्षरांवरून उच्चार ओळखणे ही पहिली. त्या शब्दांचा अर्थ लावणे ही दुसरी. गफ व टन्मर या विद्वानांनी १९८६ साली असे मांडिले की, वाचन हा या दोहोंचा गुणाकार होय. गुणाकारात एक संख्या शून्य असली की उत्तर शून्यच येते.

पहिली क्रिया आपोआप साधत नाही. ती शिकवावी लागते. 'कि' या अक्षरात वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार मागाहून होतो. 'प्रकाश', 'राष्ट्र', 'सूर्य', 'दुसऱ्या' या शब्दांत एकच 'र' निरनिराळी रूपे घेतो. नुसती बाराखडी घोकून हे उमजत नाही. फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी थोडी अक्षरे व थोड्या स्वरखुणा एका वेळी शिकवून, त्यांचे लगेच अर्थपूर्ण शब्द बनविण्याची रीत चालविली. पुढे तोच पाठ पुनःपुन्हा वाचला म्हणजे गती येते. अक्षराअक्षराशी अडणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरते.

दुसऱ्या क्रियेचा पाया मात्र घरी, कानांवाटे घातला जातो. आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद काढणे, शिजविणे, वाळविणे ही कामे मुले पाहतात व त्यांविषयीचे बोलणे ऐकतात. तेच शब्द पुस्तकात भेटले की अर्थ तत्काळ उमगतो. घरी बंजारा बोली असली तरी बिघडत नाही. अर्थ मनात असला म्हणजे त्यास मराठी शब्द जोडून देणे शिक्षकास सोपे जाते. याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांचे अभंग निरक्षरांच्याही मुखी राहिले, ते ऐकूनच.

जे मूल खडखडीत वाचते पण समजत नाही, त्यास वरच्या वर्गात गणिताचे शाब्दिक उदाहरणही सुटत नाही. यास्तव पालकांनी रोज थोडा वेळ पाल्याकडून मोठ्याने वाचवून घ्यावे, आणि "आता हे तुझ्या शब्दांत सांग" असे म्हणावे. अडखळल्यास रागावू नये. ऐकणाऱ्यास अक्षरओळख नसली तरी चालेल. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही आपल्या धाकट्या भावंडांस रोज एक गोष्ट वाचून दाखवा.