जलसंजीवनी आणि आपले पावसाळी पथक

जूनमध्ये शाळा भरते आणि त्याच सुमारास पहिला पाऊसही येतो. उन्हाळाभर गोठ्यामागे, नाल्यात, गावकडेला साठलेली घाण पहिल्या पाण्याबरोबर उताराने वाहत निघते. उताराच्या टोकाला काय असतं? पुष्कळदा विहीरच! कठडा फुटका असला की ते पाणी सरळ आत जातं. म्हणून मिरगाचा पाऊस पडून गेला की लहान पोरांना हगवण लागते. हा काही कुणा देवीचा कोप नव्हे. हे पाण्याचं दुखणं आहे.

पाऊसही आता पूर्वीचा राहिलेला नाही. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे हवामानशास्त्रज्ञांनी मोजून सांगितले आहे. ऑगस्ट २०१९ मधला सांगली-कोल्हापूरचा महापूर तुम्ही थोरांच्या तोंडून ऐकलाच असेल. पूर ओसरतो, पण विहिरीत शिरलेली घाण विहिरीतच राहते.

हगवणीने मूल दगावतं ते बहुधा अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. तान्ह्याच्या अंगात पाण्याचा साठा तो किती! एका दिवसात डोळे खोल जातात, तोंड सुकतं, रडताना आसवं येत नाहीत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते. आणि नेमकं अशा वेळी काही घरांत मुलाचं पाणी तोडतात! म्हणे, "प्यालं की पुन्हा जुलाब होतो." घागर गळते म्हणून तिच्यात पाणी ओतायचं थांबवलं, तर घागर भरेल का हो?

यावरचा उपाय किती साधा आहे, ते १९७१ साली दिसले. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपे भरून ठेवली आणि रोग्यांना ते पाणी पाजायला सांगितले. पाजणार कोण? परिचारिका तरी किती असणार! रोग्यांचे आईबाप, भाऊबहीण, नातलग यांनीच ते काम उचलले. आधी शंभरांतले सुमारे तीस रोगी दगावत. हे पाणी मिळालेल्यांत ते प्रमाण चारच्याही खाली आले. हीच आपली जलसंजीवनी, म्हणजे ओ.आर.एस. पुढे १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशात ब्रॅक संस्थेच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी हे माप त्यांनी आयांना करून दाखवले.

साखर कशाला, असे कुणी विचारील. आतड्यातून मीठ एकटे नीट आत जात नाही; साखर सोबत असली की दोघे बरोबर आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. म्हणून माप चुकवायचे नाही. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतो, मीठ जास्त झाले तर ते बाळाला घातक.

आशाताईकडे पाकीट मिळते, ते सगळ्यांत उत्तम. अख्खे पाकीट एक लिटर पाण्यात; निम्मे आज, निम्मे उद्या असे नाही. पाकीट नसेल तर उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव आसवांहून खारट लागली तर ओतून द्या नि नवे करा. चोवीस तासांनंतरचे वापरू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. आईचे दूध चालूच ठेवायचे. आशाताई झिंकच्या गोळ्या देतात, त्या जुलाब थांबला तरी चौदा दिवस पुऱ्या करायच्या. शौचातून रक्त पडले, मूल गुंगीत गेले किंवा पिईनासे झाले, तर मात्र घरी बसू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर थेट दवाखाना गाठा.

आता पथकाचे काम. चौथी ते सातवीच्या मुलामुलींनी आपल्या वाडीतली दहा-दहा घरे वाटून घ्यायची आणि पाजण्याचे माप करून दाखवायचे. नुसते सांगून माणसे विसरतात, चमचा हातात द्यावा लागतो. विहिरीचा कठडा, भोवतालचे डबके, कपडे धुण्याची जागा पाहून वहीत लिहायचे व ग्रामपंचायतीत द्यायचे. जलसुरक्षक काका ओ.टी. चाचणी करतील तेव्हा जवळ उभे राहून पाहायचे: पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही. टी.सी.एल. पावडरीला मुलांनी हात लावायचा नाही. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळी तेवढी मोठ्यांनी विहिरीत सोडायची, आणि त्यानंतर अर्धा तास कुणी पाणी शेंदायचे नाही. काही ठिकाणी सरळ पुडाच विहिरीत उपडा करतात. त्याने पाण्याला नुसता वास येतो.

स्वाध्याय : एका गोल विहिरीचा व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर आहे. ३.१४ × २ × २ × ३ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे ३७,६८० लिटर पाणी. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर धरली तर सुमारे ९४ ग्रॅम लागेल. आता तुमच्या वाडीच्या विहिरीचा व्यास व पाण्याची खोली घरच्या मोठ्या माणसाला दोरीने मोजायला सांगा, गणित करा आणि उत्तर शनिवारी आपल्या गुरुजींना किंवा बाईंना दाखवा. पथकात यायचे त्यांनी त्याच कागदावर आपले नाव व वाडी लिहावी.