उचल म्हणजे विक्री नव्हे

(मंडळ्यांच्या अभ्यासासाठी पाठ. वाचन: रूथ, अध्याय २, अनुवाद, अध्याय २४, ओवी १४ व १५.)

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी गणपूर नावाचे गाव आहे. २३ जानेवारी २०२४ रोजी सकाळी त्या गावच्या काही स्त्रिया मिरची तोडण्याच्या मजुरीसाठी नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात जाण्यास लहान नावेत बसल्या. नदीपात्रात नाव उलटली आणि सहा जणी बुडून मरण पावल्या. त्या कोणाच्या सांगण्यावरून यात्रेस निघाल्या नव्हत्या, की हौसेने नदी ओलांडीत नव्हत्या. एका दिवसाच्या मजुरीपलीकडे त्यांस काही मिळावयाचे नव्हते.

ज्या स्त्रियांचे जाणे व येणे कोणी लिहून ठेवीत नाही, त्यांचे दुःख व मरणही लोकांच्या ध्यानात फार दिवस राहत नाही. यास्तव अशा कष्टकरी भगिनींच्या हक्कांविषयी आमच्या खेड्यांतील मंडळ्यांनी नीट विचार करावा, म्हणून हा पाठ आम्ही देत आहो.

त्या का जातात?

चंद्रपूरचा पूर्वभाग व गडचिरोली हा धानाचा मुलूख होय. धानाची कापणी व मळणी आटोपली म्हणजे कोरडवाहू शेतावर काम उरत नाही. पुढे मोहफुले वेचावयाचे दिवस येईपर्यंत आणि त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम लागेपर्यंत घरात पैसा यावा कोठून? नेमक्या ह्याच महिन्यांत तेलंगण व आंध्र प्रदेशात, खम्मम व गुंटूरकडे, मिरची तोडणीस येते आणि तेथे हातांची गरज पडते. मग मुकादम गावात येतो, उचल देतो, गाडी ठरवितो. आणि बायाबापड्यांची टोळी पोराबाळांसह निघून जाते. शाळेतील मुलगी धाकट्या भावास सांभाळण्यासाठी आईबरोबर जाते आणि तिचे वर्ष बुडते.

कामासाठी परमुलखात जाणे हे पाप नाही व लाजिरवाणेही नाही. पोट भरण्यासाठी श्रम करणारी बाई सन्मानास पात्र आहे. आमचा आक्षेप तिच्या जाण्यावर नाही. ती ज्या रीतीने नेली जाते व तेथे ज्या रीतीने वागविली जाते, त्यावर आहे.

पहिली चूक: उचल घेतली म्हणजे देह बांधला गेला

एका गावी आमच्या उपदेशकांनी एका विधवा बाईस विचारले, “बाई, मागल्या वर्षी तुमचा हिशेब पुरा झाला नाही असे तुम्हीच सांगता, मग पुन्हा त्याच मुकादमाबरोबर का जाता?” ती म्हणाली, “पैसे त खाऊन बसलो जी मास्तर, आता नाही कसं म्हणू?”

वाचकहो, ह्या एका उत्तरात सर्व रोग आहे. त्या बाईस वाटते की उचलीबरोबर आपली ‘नाही’ म्हणण्याची सत्ताही गेली. ही समजूत खोटी आहे, आणि ती खोटी आहे असे ह्या देशाचा कायदा स्पष्ट सांगतो. भारताच्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार, वेठ व सक्तीचे श्रम यांस मनाई केली आहे. १९७६ साली वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा झाला. उचलीच्या फेडीसाठी कोणास कामावर अडकवून ठेवणे, दुसरीकडे जाऊ न देणे, अथवा मजुरी नाकारणे हा त्या कायद्याने गुन्हा होय. आणि ज्या कर्जापायी अशी वेठ लादली असेल ते कर्जच कायद्याने संपुष्टात येते. ते कर्ज वेठीचे नव्हते असे धनको म्हणत असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आहे, त्या बाईवर नाही.

१९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकामे चालू होती. मजुरांस रोज ९ रुपये २५ पैसे ठरलेले असता मधले जमादार प्रत्येकाचा एक रुपया कापून घेत. त्या खटल्यात न्यायालयाने असे ठरविले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हेही २३ व्या अनुच्छेदाप्रमाणे सक्तीचे श्रमच होत. कारण भूक ही देखील सक्ती आहे. उपाशी मनुष्य मिळेल त्या दरास ‘होय’ म्हणतो, म्हणून त्याचे ते ‘होय’ मोकळ्या मनाचे ठरत नाही.

दुसरी चूक: ती तर आपखुशीने गेली

मुलगी विकली गेली असे उघडकीस आले म्हणजे गावातील शहाणे म्हणतात, “तिने स्वतःच होकार दिला होता.” कामाच्या आमिषाने, अथवा हुंडा न मागणारे स्थळ आहे असे सांगून, दूरच्या राज्यांत मुली नेऊन विकल्याचे प्रकार विदर्भात उघडकीस आले आहेत. जेथे बापाजवळ लग्नाच्या खर्चास पैसा नाही, तेथे असे स्थळ देवाने धाडले असे वाटते. आणि मधल्या बाईने किती पैसे घेतले हे कोणी विचारीत नाही.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे १४३ वे कलम ह्याविषयी आहे. धाक, फसवणूक, आमिष किंवा सत्तेचा गैरवापर करून शोषणासाठी कोणास भरती करणे, नेणे, ठेवून घेणे किंवा दुसऱ्याच्या हवाली करणे हा गुन्हा होय, आणि त्यास निदान सात वर्षांची सक्तमजुरी आहे. बळी पडलेली व्यक्ती अठरा वर्षांखालील असल्यास निदान दहा वर्षांची. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, गुन्हा ठरविताना तिच्या संमतीस किंमत नाही. तेव्हा फसलेल्या मुलीस “तू का गेलीस?” असे विचारण्याचा अधिकार आम्हांस नाही. “तुला कोणी नेले?” एवढेच विचारावे. परत आलेल्या मुलीकडे मंडळीने पाठ फिरविली, तर विकणाऱ्याचे अर्धे काम मंडळीनेच केले असे होईल.

तिसरी चूक: परराज्यातले आपल्या हाती नाही

१९७९ साली परराज्यांत जाणाऱ्या मजुरांसाठी निराळा कायदा झाला होता. पाच किंवा अधिक असे मजूर असतील तेथे तो लागू असे, आणि ठेकेदाराने परवाना घ्यावा व मजुरास पासबुक द्यावे असे त्याने बंधन घातले होते. त्याच्या जागी नवी श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. हिच्यात मजुरांची संख्या दहा केली आहे. त्यामुळे लहान टोळ्या हिच्या बाहेर राहतात. परंतु त्याच दिवशी अमलात आलेली वेतन संहिता, तसेच वेठबिगारीचा व माणसांच्या विक्रीचा कायदा, यांस टोळीच्या संख्येची अट नाही. एकटी बाई असली तरी किमान वेतन तिचे आहे, आणि एकाच कामास पुरुषाइतकीच मजुरी हाही तिचा हक्क आहे.

गुन्हा कोठेही घडलेला असो, फिर्याद आपल्या जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते; ती लिहून घेऊन योग्य ठिकाणी पाठविणे हे त्या ठाण्याचे कर्तव्य आहे. वेठीतून सुटलेल्या बाईस जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी यांजकडून मुक्ततेचा दाखला मिळतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या योजनेत अशा स्त्रीच्या पुनर्वसनास दोन लक्ष रुपये, आणि विक्री किंवा लैंगिक शोषणासारख्या घोर प्रकरणी तीन लक्ष रुपये ठरविले आहेत. वकिलास द्यावयास पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व वेठीस किंवा विक्रीस बळी पडलेले यांस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

शास्त्रातील एक मजूर स्त्री

रूथ ही मवाबाहून आलेली परदेशी विधवा. बेथलेहेमाच्या शेतांत कापणी करणाऱ्यांच्या मागे ती सरवा वेचावयास गेली. आमच्या भगिनी मिरचीच्या शेतात जातात, तशीच ती गेली: गाव परका, लोक परके, पाठीशी घरचा पुरुष नाही. बवाजाने काय केले ते दुसऱ्या अध्यायात पाहावे. त्याने तिला धान्य दिले हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी त्याने आपल्या गड्यांस ताकीद दिली की तिला कोणी त्रास देऊ नये, आणि तहान लागल्यास पाणी कोठे प्यावे हे तिला सांगितले. शेतात काम करणाऱ्या स्त्रीची अब्रू व तिचे पाणी ही मालकाची जबाबदारी आहे, हा धडा त्या जुन्या गोष्टीत आहे. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात तर मजूर आपल्या जातीचा असो की परका असो, त्याची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी असे सांगितले आहे. मग हंगाम संपेपर्यंत हिशेब दाबून ठेवणारा मुकादम कोणत्या नियमाने चालतो?

आमच्याच महाराष्ट्राच्या इतिहासात एक उदाहरण आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई पुण्याहून मध्यप्रांतात गेल्या. त्या काळी आमचा चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता. भुकेल्या मुलींस फसवून नेणारे लोक तेथे टपले आहेत हे रमाबाईंस कळले होते. म्हणून त्यांनी मुलींस गोळा करून आपल्याबरोबर आणले, आणि केडगावी त्यांच्यासाठी घर, शाळा व धंदा उभा केला. दुष्टांच्या आधी त्या तेथे पोहोचल्या, हे त्यांच्या कामाचे मर्म होय.

मंडळीने काय करावे?

टाळेबंदीच्या दिवसांत, एप्रिल २०२० मध्ये, आमच्या शेजारच्या बिजापूर जिल्ह्यातील बारा वर्षांची एक मुलगी तेलंगणातील मिरचीच्या कामावरून पायी घरी निघाली. जंगलातून तीन दिवस चालून घर जवळ आले असता ती मरण पावली. त्या वर्षी सप्टेंबरात संसदेत विचारले गेले की असे किती मजूर मेले. केंद्रीय कामगार मंत्रालयाने उत्तर दिले की तशी माहिती ठेवलेली नाही. ज्याची मोजणी नाही त्याची भरपाई कोण मागणार?

म्हणून पहिले काम अगदी साधे आहे: एक वही करावी. टोळी निघण्यापूर्वी उपदेशकांनी किंवा लिहितावाचता येणाऱ्या कोणी भगिनीने प्रत्येक बाईचे नाव, वय, बरोबरची मुले, मुकादमाचे नाव व फोन, गाडीचा क्रमांक, कोणत्या गावी कोणाच्या शेतात काम, उचल किती व दर काय ठरला, हे लिहून ठेवावे. तीच नोंद ग्रामपंचायतीकडेही द्यावी. वही केवळ आपल्या मंडळीची नसावी. गावातून जाणारी प्रत्येक बाई तीत असावी, मग ती कोणत्याही धर्माची असो. प्रामाणिक मुकादमास ह्या वहीचे भय नाही. आणि जो आपले नाव लिहू देत नाही, त्याच्या गाडीत कोणी बसू नये.

दुसरे, प्रत्येक बाईस हे क्रमांक तोंडपाठ करवावे: पोलिसांच्या मदतीस ११२, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, कायद्याच्या सल्ल्यासाठी १५१००. शिधापत्रिका परराज्यातही चालते, हेही सांगावे.

तिसरे, आठवड्यातून एकदा फोन करून खुशाली विचारावी. जिचा फोन दोन आठवडे लागत नाही, तिच्याविषयी तिसऱ्या आठवड्याची वाट पाहू नये.

चौथे, गावातच काम उभे राहील असे पाहावे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावास २००९ साली, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावास २०१२ साली, वनहक्क कायद्याप्रमाणे आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पाचगावच्या लोकांनी ग्रामसभेत बसून बांबूची तोड व विक्री स्वतः चालविली, आणि कामासाठी बाहेर जाण्याची गरज उरली नाही. ज्या बाईच्या गावात काम आहे, ती मुकादमास ‘नाही’ म्हणू शकते. आणि जी ‘नाही’ म्हणू शकते, तिचेच ‘होय’ खरे असते. यास्तव आमच्या भगिनींनी ग्रामसभेत मागे बसून राहू नये. पुढे बसावे व बोलावे.

वर सांगितलेली ती विधवा बाई त्या वर्षीही गेली. परंतु ह्या वेळी उपदेशकांनी तिची उचल, दर व मुकादमाचे नाव वहीत लिहून घेतले होते, आणि मुकादमाच्या देखत ते वाचून दाखविले होते. ती परतली तेव्हा हिशेब वहीशी ताडून पाहिला. तो पुरता जुळला नाही. पण कोठे जुळत नाही हे प्रथमच तिला बोट ठेवून दाखविता आले, आणि राहिलेले पैसे तिने मागून घेतले.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या गावातून ह्या वर्षी किती स्त्रिया बाहेर कामास गेल्या? त्यांची नावे आपण आता सांगू शकतो काय?

२. उचल घेतलेल्या बाईस काम सोडून परत येण्याचा हक्क आहे काय? का?

३. बवाजाने रूथेसाठी केलेल्या गोष्टींपैकी कोणत्या गोष्टी आजच्या शेतमालकाने केल्या पाहिजेत?

४. फसवून नेलेली मुलगी परत आल्यास आपली मंडळी तिला कोणता पहिला शब्द बोलेल?