मांडवातलं जेवण वाडीवर नेताना

लग्नसराईत पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही कार्यालयात रात्री अकराला जाऊन बघा. पाहुणे पांगलेले असतात, आचारी भांडी आवरायला घेतात आणि मोठ्या टोपात निम्मा मसालेभात तसाच असतो. यजमानांपैकी कोणीतरी म्हणतं, "फेकू नका, वाडीवर पाठवून द्या." हेतू शंभर टक्के चांगला असतो. पण त्या भाताला चुलीवरून उतरून चार-पाच तास झालेले असतात, हवा दमट असते आणि वाडीवर पोचेपर्यंत मुलं झोपलेली असतात. ते अन्न मग सकाळी खाल्लं जातं आणि दुपारी सरकारी दवाखाना गाठावा लागतो. म्हणून हे काम रात्री अकराला सुरू करायचंच नाही. ते आचाऱ्याला यादी देतानाच सुरू करायचं.

उरलेल्या अन्नाची शिस्त शिकायची तर विमानाकडे बघावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे, त्यामुळे आता हा विषय आपल्यापासून लांबचा राहिलेला नाही. विमानातलं जेवण विमानात शिजत नाही. जमिनीवरच्या स्वयंपाकघरात शिजवून ते झटपट ५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात, थंडच चढवतात आणि वर ओव्हनमध्ये फक्त गरम करतात. प्रवाशापुढे जाऊन परत आलेला ट्रे पुन्हा कोणापुढे जात नाही, मग त्यातल्या पदार्थाला हात लागलेला असो वा नसो. गरम केलेलं पण कोणी न घेतलेलं जेवण एकतर कर्मचारी खातात, नाहीतर ते टाकून देतात. ते पुन्हा थंड करून पुढच्या फेरीला ठेवत नाहीत. परदेशातून आलेल्या विमानातलं उरलेलं अन्न युरोप-अमेरिकेत जाळतात किंवा निर्जंतुक करून नष्ट करतात, कारण त्यातून गुराढोरांचे रोग देशात शिरू शकतात.

ही कडक शिस्त कशासाठी, ते फेब्रुवारी १९७५ च्या एका घटनेवरून कळतं. जपान एअरलाइन्सचं विमान अलास्कातल्या अँकरेजहून कोपनहेगनला निघालं होतं. न्याहारीत हॅम आणि ऑम्लेट होतं. ते खाऊन १९७ जण आजारी पडले, त्यातल्या १४३ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. अँकरेजच्या स्वयंपाकघरातल्या एका आचाऱ्याच्या बोटांवर चिघळलेली जखम होती. जखमेतले जंतू हॅमवर गेले, अन्न काही तास साध्या हवेवर राहिलं आणि तेवढ्यात जंतूंनी विष तयार केलं. विमानात ते गरम केलं होतं, तरी उपयोग झाला नाही. उष्णतेनं जंतू मरतात, त्यांनी आधीच सोडलेलं हे विष टिकून राहतं. भाताचंही तसंच आहे. तांदळातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही जगतात, भात कोमट राहिला की वाढतात आणि उलट्या करवणारं विष सोडतात. "एक उकळी आणली की झालं" हा आपल्याकडचा समज इथेच घात करतो.

आता कृती.

यादी देताना

आचाऱ्याला सगळा तांदूळ एकदम चढवू देऊ नका. पाचशे माणसांचा भात असेल तर तो तीन घाण्यांत करायला सांगा. शेवटच्या घाण्याचा तांदूळ निवडून पोत्यातच ठेवायचा, धुवायचासुद्धा नाही. दोन तृतीयांश माणसं जेवून उठली की दाराशी उभं राहून किती गाड्या अजून यायच्या आहेत याचा अंदाज घ्यायचा आणि मगच तो घाणा चढवायचा की नाही ते ठरवायचं. आचारी कुरकुरतील, कारण चुलीपाशी तासभर जास्त थांबावं लागतं. त्यासाठी वेगळे पैसे द्या, ते आधीच बोलून घ्या.

या सगळ्या लेखातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. न शिजलेल्या तांदळाला घड्याळ नाही. वीस किलो तांदूळ, डाळ, बटाटे, तेलाचा डबा दुसऱ्या दिवशी सकाळी सावकाश नेता येतो, ज्या घरात जातो तिथली बाई तो हवा तेव्हा, हवा तेवढा शिजवते. शिजवलेलं अन्न देण्यापेक्षा हे सोपं, सुरक्षित आणि मानाचं आहे. विमान कंपन्यांना तिकिटांवरून माणसं मोजता येतात, म्हणून त्यांचं कमी उरतं. आपल्याकडे "सहकुटुंब सहपरिवार" बोलावणं असतं, डोकी मोजता येत नाहीत. मोजता येत नसतील तर निदान शिजवणं तरी उशिरावर टाकावं.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी. घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे आणि उष्णता टिकवणाऱ्या पेट्या जमवून ठेवा. आणि अन्नाच्या आत खुपसायचा थर्मामीटर आणा, तो काही शे रुपयांत मिळतो. हात लावून "गरम आहे" म्हणणं पुरेसं नाही. ४५ अंशांचा भातही हाताला गरमच लागतो, आणि जंतूंना तेच तापमान मानवतं.

घेणाऱ्याला आधी विचारा

फोन केल्याशिवाय गाडी हलवू नका. पेण आणि रोहा तालुक्यांत कातकरी आणि ठाकूर वाड्या पुष्कळ आहेत, पण लग्नसराईत कातकरी वाड्यांवरची कितीतरी घरं बंद असतात. दिवाळीनंतर ही कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वाडीवर दोन म्हातारी माणसं आणि भट्टीवर चाळीस तोंडं, अशी स्थिती असते. तेव्हा भट्टी कुठे आहे, तिथे किती माणसं आहेत, त्यांचं जेवण किती वाजता होतं, हे विचारून घ्या. भट्टीवरची माणसं पहाटे उठतात, रात्री लवकर झोपतात. आठनंतर अन्न पोचत असेल तर न गेलेलं बरं. आश्रमशाळा किंवा वसतिगृह असेल तर तिथल्या अधीक्षकांची परवानगी लागते. अशा ठिकाणी मुलांना बाहेरचं अन्न देण्यावर बंधनं असतात आणि ती योग्यच आहेत.

पंगत चालू असताना

वाढपाच्या टेबलावर गेलेलं अन्न आणि चुलीजवळच्या टोपातलं अन्न यांची पुन्हा भेट होऊ द्यायची नाही. टेबलावरचं भांडं अर्धं उरलं म्हणून ते मागे आणून टोपात ओतणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे आणि सगळा टोप वाया घालवायला तेवढं पुरतं. बुफेच्या भांड्यात शंभर हातांनी डाव फिरवलेला असतो, त्यावर माणसं बोललेली असतात, खोकलेली असतात. वाडीवर जायचं ते फक्त चुलीजवळचं, झाकलेलं, पंगतीत न गेलेलं अन्न. यासाठी एक माणूस नेमा आणि त्याला दुसरं काही काम देऊ नका. हाताला जखम, गळू किंवा जुलाबाचा त्रास असलेल्या कोणालाही या टोपांजवळ येऊ देऊ नका, मग तो कितीही कामसू असो.

काय न्यायचं, काय नाही

पुऱ्या, चपात्या, जिलेबी, बुंदीचे लाडू, पापड हे कोरडे पदार्थ निर्धास्त न्या. पुऱ्या गरम असताना डब्यात कोंडू नका, परातीवर पसरून वाफ जाऊ द्या.

वरण, आमटी, रस्सा न्यायचा असेल तर तो चुलीवरच असायला हवा. निघण्याआधी खदखदून उकळवा, ढवळत राहा, म्हणजे तळापासून वरपर्यंत सगळीकडे उकळी पोचेल. लगेच डब्यात भरून पेटी बंद करा.

भात सर्वांत अवघड. वरून कोथिंबीर-खोबरं भुरभुरलेला मसालेभात बघायला ताजा दिसतो. पण पन्नास लिटरच्या टोपात थर्मामीटर खुपसून बघा. कडेला ३८ अंश, मधोमध ६२ अंश असं चित्र दिसतं. कडेचा भात गेलेला आहे हे डोळ्यांना कळत नाही, नाकालाही कळत नाही. सगळीकडे ६० अंशांच्या वर असेल आणि उतरवून फार वेळ झालेला नसेल तरच घ्या. एरवी सोडून द्या.

खोबरं वाटून केलेल्या भाज्या, वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, कोशिंबीर, मठ्ठा, बासुंदी नेऊ नका. वालाचं बिरडं म्हणजे आपल्या भागाचा जीव, ते टाकायला हात होत नाही हे मान्य आहे. पण ओलं खोबरं मे महिन्यात फार लवकर आंबतं. हळदीच्या रात्रीचं मटण चुलीवर उकळत असेल आणि अर्ध्या तासात ताटात पडणार असेल तरच द्यावं.

वेळ

शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तासांहून जास्त राहता कामा नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर हा हिशेब एका तासावर येतो, आणि पेणला मे महिन्यात दुपारी पारा त्याच्या वरच असतो. म्हणून डब्यावर लावायच्या चिठ्ठीवर चूल बंद केल्याची वेळ लिहा, गाडी निघाल्याची नको.

अंतराचाही विचार करा. पेणचं अन्न पेणच्या आसपास, रोह्याचं रोह्याच्या आसपास. वडखळ-नागोठणे मार्गे पेणहून रोह्याला तास लागतो असं म्हणतात, पण महामार्गावर एखादा कंटेनर आडवा झाला की तो तास कितीचा होईल याचा भरवसा नाही. मुंबईत डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली, पुढे माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनीही त्याच नावाची संस्था उभी केली. ते काम तिथे चालतं, कारण हॉटेल आणि भुकेलं माणूस यांच्यात अंतर थोडं असतं. आपल्याकडे मध्ये डोंगर आणि खाडी असते. आपली योजना लहान, जवळच्या अंतराची असायला हवी.

अन्न थंड करून दुसऱ्या दिवशी द्यावं का, असंही विचारतात. त्यासाठी दोन तासांत ६० वरून २१ अंश आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर आणावं लागतं. दोन इंचांहून कमी थराच्या पराती, बर्फ आणि मोठं शीतकपाट असेल तर हे जमतं. खोल टोप फ्रीजमध्ये ठेवला तर त्याचं पोट सकाळपर्यंत कोमट राहतं. धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याच्या कँटीनकडे ही सोय असू शकते, शिवाय तिथे किती उरतं याचा रोजचा अंदाज असतो. लग्नघराने या वाटेला जाऊ नये.

उतरवताना

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी हवी: पदार्थाचं नाव, कुठून आला, केव्हा शिजला, शाकाहारी की मांसाहारी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ मध्ये नियम केले, ते १ जुलै २०२० पासून लागू आहेत, त्यांतही ही माहिती मागितली आहे. वर्षभर हे काम करणाऱ्या मंडळाने त्या नियमांखाली नोंदणी करून घ्यावी.

चिठ्ठी वाचता न येणारी माणसं असतील तर तोंडी सांगा. भट्टीवर डबा उघडला की एखादी बाई आधी वास घेते आणि सरळ विचारते, "दुपारचं का आत्ताचं?" तिला खरी वेळ सांगायची. "ताजंच आहे, मावशी" असं मोघम उत्तर देऊ नका. नको म्हणाली तर आग्रह करायचा नाही, डबा बंद करून परत आणायचा. वाढायला आपण उभं राहू नये, डाव त्यांच्या हातात द्यावा. फोटो काढू नयेत. "आत्ताच खा, सकाळसाठी ठेवू नका" हे मात्र दोनदा सांगावं, आणि शक्य असेल तर जेवणं होईपर्यंत थांबून उरलेलं परत न्यावं.

जे कोणालाच देता येत नाही

ताटांतलं खरकटं आणि वेळ उलटलेला भात गुरांपुढे टोपल्यांनी ओतू नका. एका वेळी खूप भात-पुऱ्या खाल्ल्या की गाई-म्हशींच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर दगावतंही. लग्नानंतर गाय आजारी पडते ती अनेकदा यामुळे. कुंडलिकेत, भोगावतीत किंवा ओढ्यात टाकणं तर नकोच. कार्यालयामागे खड्डा घ्या, पालापाचोळ्याचा थर, खरकट्याचा थर, वर माती, असं भरत जा. पानं आणि द्रोण प्लास्टिकचा मुलामा दिलेले असतील तर ते वेगळे काढावे लागतात.

शेवटी आचाऱ्याबरोबर पाच मिनिटं बसून वहीत लिहा: किती माणसं जेवली, कोणता पदार्थ किती उरला, तिसरा घाणा चढवावा लागला की नाही. घरात पुढचं कार्य असेल तेव्हा यादी करायला ही वही काढायची. शेजारच्या घरी लग्न असेल तर त्यांनाही ती वाचायला द्यायची.