गळतं तिथं भोक नसतं

कोकणात ज्याचं घर कौलारू आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. ओटीवर ठिबकतं म्हणून ओटीच्या डोक्यावरचं कौल बदललं, तर ठिबकणं तसंच राहतं. फुटलेलं कौल असतं वर कोन्याजवळ. पाणी वाशावरून ओघळत खाली येतं आणि वाशाला गाठ असेल तिथं सुटून पडतं. दर मे महिन्यात वडिलांबरोबर मी घर शाकारायला चढलो आहे. तरीही गाडीच्या केबिनमध्ये पाणी आलं तेव्हा यातलं काही मला आठवलं नाही, आणि एका रात्री आंबा घाटात माझ्या आणि पुतण्याच्या जिवावर बेतलं. जुनी पिकअप चालवणाऱ्या प्रत्येकाला हे कळावं असं मला मनापासून वाटतं.

माझी गाडी २०११ सालची. २०१९ मध्ये सेकंडहँड घेतली. साखरप्याहून कोल्हापूर अशा फेऱ्या. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या, पावसाळ्यात कलमं वर न्यायची आणि परतताना मार्केटातली भाजी आणायची. पहिल्याच जूनमध्ये उजव्या पायाचा मोजा ओला व्हायला लागला. पेडलखालची मॅट दाबली की पाणी वर यायचं. मी पुढच्या काचेकडं बघितलं, रबराला चिरा दिसल्या, आणि निदान करून मोकळा झालो. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणली आणि रबराच्या चारी बाजूंनी बोटानं फासून टाकली. केबिनमध्ये दोन दिवस व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. आठवडाभर मॅट कोरडी वाटली. काम झालं असं धरून चाललो.

जुलैमध्ये रात्री दीडच्या सुमाराला टोमॅटो भरून घाट उतरत होतो. धुकं आणि वर मुसळधार. आधी वायपर मंदावले, मग अर्ध्यावर थांबले. मी गाडी बाजूला घेईपर्यंत दोन्ही हेडलाइट गेले. इंडिकेटरही लागेनात. एका अंगाला दरी, आणि मागून येणाऱ्याला आमची गाडी दिसणार कशी? पुतण्याला मोबाइलची बॅटरी लावून मागच्या वळणावर कठड्याच्या आत उभं केलं. एक ट्रकवाला थांबला, त्यानं आपली गाडी आमच्या मागं लावली आणि इंडिकेटर चालू ठेवून उजाडेपर्यंत तिथंच राहिला. त्याचे उपकार फिटणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून कोल्हापुरात उद्यमनगरात नेली. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "हे सिलिकॉन कुणी फासलं?"

"मीच."

"मग दादा, आधी ते काढू. पाणी कुठनं येतंय ते त्याच्यानंतर कळंल."

चार बोल्ट खोलून सीट बाहेर काढली, मॅट उचलली. मॅटखाली आवाज दाबण्यासाठी जाड नमद्यासारखा थर असतो. तो त्यांनी पिळला तर चहाच्या रंगाचं पाणी धो धो पडलं. वरून आठवडाभर कोरडी वाटलेली मॅट खालून एकदाही वाळलेली नव्हती. मग त्यांनी पेडलखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर दिला नाही, नुसता टेकवला. तो आरपार गेला आणि खालची जमीन दिसली. ज्या पत्र्यावर मी टाच टेकवून घाटात ब्रेक दाबत होतो, तो पापडासारखा झाला होता. सीटच्या मागच्या बोल्टाभोवतीही गंजाचे पापुद्रे सुटत होते. सीटबेल्टचा बोल्ट ज्या पत्र्यात असतो तोच सडला तर ऐन वेळी बेल्ट कशाला धरून राहणार, हा प्रश्न मला तिथं पहिल्यांदा पडला.

पाणी वायरिंगपर्यंत कसं पोचलं, तर ते पुढच्या काचेतून नव्हेच. आधीच्या मालकानं टपावर कॅरिअर लावला होता आणि पुढं काढून टाकला होता. बोल्टाची भोकं पुट्टीनं बुजवून वर रंग मारलेला. पुट्टी वाळून तडकली. पाणी तिथून टपाचा पत्रा आणि आतलं कापड यांच्यामध्ये शिरायचं, पुढच्या उजव्या खांबाच्या पोकळीतून खाली उतरायचं आणि डॅशबोर्डखाली थेट फ्यूज बॉक्सवर पडायचं. उरलेलं माझ्या पायाशी. फ्यूजच्या पितळी पायांवर हिरवी बुरशी धरावी तसा गंज चढला होता. रबरातूनही थोडं पाणी येत होतं, नाही असं नाही. पण रबरात शिरलेलं पाणी पूर्वी खालच्या कडेनं बाहेर निघून जायचं. ती कड मी सिलिकॉननं बंद केल्यामुळं त्याला आत येण्यावाचून वाटच उरली नव्हती.

पत्रा, वायरिंग, फ्यूज बॉक्स मिळून तेवीस हजार गेले, पाच दिवस धंदा बंद राहिला आणि टोमॅटोचं नुकसान वेगळं. एका ट्यूबनं भागवायला गेलो त्याची ही किंमत.

म्हणून पहिली गोष्ट: पाणी दिसल्याबरोबर काहीही फासू नका. आधी सीट, मॅट आणि खालचा थर बाहेर काढा, पत्रा उघडा करा, पुसून पूर्ण वाळवा. ओल्या गाडीत गळती शोधता येत नाही, कारण सगळंच ओलं असतं. डॅशबोर्डखाली, खांबांच्या बुडाशी, दरवाजाच्या उंबऱ्यावर वर्तमानपत्राचे कागद चिकटवा. पत्र्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरवा. पाण्याचा थेंब पावडरीवरून गेला की बारीक रेघ उमटते, आणि तिचा माग काढत वर जाता येतं.

मग एक माणूस आत टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून साध्या नळीनं पाणी सोडा. वॉशिंग सेंटरचा जेट वापरू नका. त्याच्या जोरानं चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसतं आणि भलत्याच जागेवर संशय जातो. सुरुवात खालून करायची: आधी दरवाजाचं बूड, मग काचेची खालची कड, मग वरची, सगळ्यात शेवटी टप. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. एकेका जागेला दहा-दहा मिनिटं द्या. आमचं टपाचं भोक सातव्या मिनिटाला बोललं. पाच मिनिटांत नळी हलवली असती तर ते निर्दोष सुटलं असतं. गाडी सपाटीवर असताना काही सापडलं नाही तर तोंड चढाला करून, मग उताराला करून पुन्हा बघा. टपाच्या पन्हळीत साचलेलं पाणी चढाला मागं आणि उताराला पुढं धावतं. "फक्त घाटातच गळतं" असं ड्रायव्हर सांगतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवा.

ऊन पडलेलं असताना मॅट ओली झाली तर पावसाला दोष देऊ नका. एसी असेल तर त्याचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. आणि ओल चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट धुरकटपणा येत असेल, तर ते हीटरमधून गळणारं कूलंट आहे. त्याला सीलंट उपयोगाचं नाही, हीटरच बघावा लागतो.

आता दरवाजाचं. माझा सर्वांत मोठा गैरसमज इथं होता. दरवाजाच्या आत पाणी शिरणं हा दोषच नाही. काच खालीवर होते, तिच्या कडेनं पाणी आत जाणारच, म्हणून तर दरवाजाच्या बुडाला भोकं ठेवलेली असतात. आतल्या पॅनेलच्या मागं प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो पाण्याला केबिनमध्ये येऊ न देता परत खाली भोकांकडं वळवतो. स्पीकर बसवताना किंवा काचेचं हँडल दुरुस्त करताना हा कागद फाडून फेकला जातो. माझ्या गाडीत तो निम्मा गायब होता. जाड प्लॅस्टिक कापून कडेनं ब्यूटाइल टेप लावून बसवलं आणि क्लिनरच्या बाजूची ओल त्या दिवसापासून गेली. खालची भोकं माती धरतात. ती माडाच्या हिरानं मोकळी करा, तारेनं नको. तारेनं रंग खरवडतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. पाणी येतं म्हणून ही भोकं बुजवणारे लोक मी बघितले आहेत. त्यांच्या दरवाजांची बुडं दोन पावसाळ्यांत गळून पडली.

वायपरखालच्या जाळीचंही तसंच. आंब्याखाली, गुलमोहराखाली गाडी उभी असेल तर जाळीतून पाला आत जातो, कुजून चिखल होतो, पाणी जायची वाट बंद होते. मग ते आत तळ्यासारखं साचून हवेच्या ब्लोअरच्या तोंडातून केबिनमध्ये येतं. मे महिन्यात जाळी काढून दोन बादल्या पाणी ओता आणि ते चाकाजवळ खाली पडतंय का ते बघा. बॉनेटमधून केबिनमध्ये वायरी, केबल जातात तिथले रबरी बूचही त्याच वेळी तपासा. नवीन वायर ओढताना बूच कापून तसंच सोडलेलं बऱ्याच गाड्यांत सापडतं.

सिलिकॉनबद्दल मिस्त्रींनी सांगितलं ते जसंच्या तसं पटलं. आंबूस वासाच्या सिलिकॉनमधून वाळताना ॲसिटिक आम्ल सुटतं, ते उघड्या पत्र्याला गंज आणतं. शिवाय त्याच्यावर रंग धरत नाही, दुसरं सीलंटही धरत नाही. माझं सिलिकॉन ब्लेडनं खरवडून काढायला त्यांच्या पोराचा अख्खा दिवस गेला. पत्र्याच्या सांध्यांना पीयू सीलंट लावावं, तेही गंज उघड्या पत्र्यापर्यंत घासून, प्रायमर मारून आणि पूर्ण वाळवून. बोल्टाची भोकं सरळ वेल्डिंगनं बुजवावीत. वेल्डिंगच्या आधी बॅटरीचे टर्मिनल काढायचे, आतलं कापड आणि फोम दूर करायचा, डिझेलची नळी कुठून जाते ते बघायचं.

पुढच्या काचेचं रबर मात्र स्वतः बदलायला जाऊ नका. ते काम मी जवळ उभा राहून बघितलं. काच बाहेर काढल्यावर खालची पत्र्याची कड गंजून करवतीसारखी झाली होती. नुसतं नवं रबर चढवलं असतं तर तेही गळलं असतं. कड घासून, प्रायमर आणि रंग मारून दोन दिवस वाळू दिली. मग नवं रबर काचेला चढवून त्याच्या खाचेत सगळीकडून नायलॉनची दोरी बसवली, दोन्ही टोकं खाली मध्यावर आत सोडली, साबणाचं पाणी लावलं. बाहेरून पोरगा तळहातानं काच दाबत होता आणि आतून मिस्त्री दोरी हळूहळू ओढत होते. दोरी निघेल तसा रबराचा ओठ कडेवर उलटून बसत होता. कोपऱ्यावर त्यांचा हात इतका सावकाश झाला की मीही श्वास धरून उभा राहिलो. कोपऱ्यात घाई केली की काच तडकते. रबर बदलायची वेळ आली का, हे नख रोवून कळतं. नखाची खूण उठून न येता तशीच राहिली किंवा रबर तिथंच फुटलं, तर त्याचे दिवस भरले.

आणि दुरुस्ती झाल्यावर लगेच मॅट घालू नका. दोन मोठे पाऊस उघड्या पत्र्यावर जाऊ द्या, रोज हात फिरवून बघा. जुना भिजलेला थर वाळवून परत घालू नये, फेकून द्यावा. आठ वर्षांपुढच्या गाडीचं दरवर्षी पासिंग असतं, तेव्हा सीट काढून पत्रा बघायची सवय मी लावून घेतली आहे. पत्रा सडतोय हे वेळेत कळलं तर छोट्या तुकड्यावर भागतं.

माझ्या गाडीत मागच्या काचेखाली एक ओला ठिपका अजून येतो. घाट चढतानाच येतो, उतरताना नाही. नळीनं दोनदा शोधला, सापडला नाही. तिथं कागद लावून ठेवलाय आणि पुतण्या दर फेरीला त्यावर पेन्सिलनं ओलीची कड आखून तारीख टाकतो. गेल्या तीन फेऱ्यांत ती कड डावीकडं सरकते आहे, म्हणजे पाणी बहुधा डाव्या कोपऱ्यातल्या पन्हळीच्या सांध्यातून येत असावं. येत्या रविवारी गाडी अंगणातल्या चढावर उभी करून तिथंच नळी लावणार आहोत.