पिस्तूल नावाला नव्हे, हाताला विचारून घ्या

स्पर्धेतल्या रॅपिड फेरीची दुसरी सिरीज. हिरवा दिवा लागला, हात वर गेला, दुसरा शॉट सुटला आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी पिस्तुलाच्या खिडकीत धुराड्यासारखी उभी राहिली. हिरवा दिवा 3 सेकंद, मग 7 सेकंद तांबडा, असं पाच वेळा. पुंगळी अडकली की काय करायचं ते मला पाठ होतं. नळी टार्गेटकडेच ठेवायची, पिस्तुलाला काही न करता मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरची वाट बघायची. पण सरावात महिनाभर जे करत आले तेच हातानं केलं. डाव्या हातानं बोल्ट मागे ओढला. पुंगळी पडली, आणि पुढचा राउंड चेंबरच्या तोंडाशी तिरका अडकला. तिसरा हिरवा दिवा गेला, चौथा गेला, पाचवाही गेला.

एकदा स्वतः दुरुस्तीला हात घातला, की एखादा भाग खरोखर मोडलेला असल्याशिवाय बिघाडाचा दावा करता येत नाही. तीन शॉट, तीन शून्यं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. चूक त्या दिवशी झालीच नव्हती. ती चार महिने आधी, पिस्तूल घेताना झाली होती.

मी कोल्हापूरची, बँकेत नोकरी. 2018 साली पालेमबांगला राही सरनोबतनं 25 मीटर पिस्तूलमध्ये एशियाडचं सुवर्ण घेतलं, तेव्हा आमच्याकडं घराघरांत टीव्हीसमोर श्वास रोखून बसलेली माणसं होती. अंतिम फेरीत बरोबरी, शूट-ऑफ, पुन्हा बरोबरी, पुन्हा शूट-ऑफ. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला. मी तेव्हा हौसेनं 10 मीटर एअर पिस्तूल मारत होते. त्या दिवशी ठरवलं, आता .22 बोअरचं पिस्तूल हातात घ्यायचं.

वर्षभर क्लबच्या पिस्तुलावर सराव केला. दिसायला साधं, बऱ्याच हातांनी झिजलेलं, पण ग्रिप लहान आणि मला नेमकी बसणारी. मग एका ज्येष्ठ नेमबाजांनी खेळ सोडला आणि त्यांचं पिस्तूल विकायला निघालं. युरोपातलं नावाजलेलं मॉडेल, निम्म्या किमतीत. "ताई, एकदम टकाटक आहे. ह्यानं मी मेडलं घेतलीत," काका म्हणाले. मी पाच राउंड मारले, चार दहात गेले, आणि माझं ठरलं. माझे प्रशिक्षक सर एवढंच म्हणाले, "पाच राउंडात पिस्तूल कळत नसतं." मी ऐकलं नाही.

परवानाधारकानं शस्त्र विकायचं तर जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. कायद्यानं मला विचार करायला दीड महिना दिला होता. तो मी नवी बॅग आणि कप्प्याकप्प्यांची पेटी घेण्यात घालवला.

पिस्तूल हातात आलं आणि पहिली अडचण लगेच कळली. काकांचा पंजा मोठा, ग्रिप त्यांच्या मापाची. आमच्या खेळात पिस्तूल एका हातानं, आधाराशिवाय धरायचं असतं. त्यामुळं ग्रिप म्हणजे अर्धं पिस्तूल. माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात करंगळीएवढी फट राहायची. तर्जनी ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचायची, पेराऐवजी टोकानं दाब यायचा, आणि ट्रिगर सरळ मागे येण्याऐवजी बाजूला ढकलला जायचा. शॉट डावीकडं, ओळीनं डावीकडं. मी साइटचे स्क्रू फिरवत बसले. फटीत स्पंज कोंबला, वर टेप गुंडाळली. वाटलं, सवयीनं बसेल. कोल्हापुरी चप्पल पहिले आठ दिवस चावते, मग पायाचा आकार घेते. अक्रोडाचं लाकूड तसं करत नाही. उलट ते हातालाच आपला आकार घ्यायला लावतं. महिन्याभरात मनगट दुखायला लागलं.

दुसरी अडचण जॅमची. पहिले चाळीस-पन्नास राउंड सुरळीत, मग पुंगळी अडकायची. मी बोल्ट ओढून ती काढायची आणि पुढं मारायची. "जुनं आहे, होतंच," असं स्वतःला सांगत होते. ही सवय किती महागात पडली ते वर सांगितलंच.

स्पर्धेनंतर आर्मररकडं, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडं, गेले. त्यांनी बोल्ट उघडला, भिंग लावलं आणि मला बघायला दिलं. पुंगळीची कड पकडून तिला मागे ओढणारा जो नखासारखा छोटा भाग, एक्स्ट्रॅक्टर, त्याची धार गोल झाली होती. कोपऱ्यात मेण आणि शिशाचा काळा थर. रिकॉइल स्प्रिंग बहुधा पिस्तुलाबरोबर आलेली, तीच. शिवाय मी राउंडही बदलले होते, स्वस्त मिळाले म्हणून. .22 च्या पिस्तुलात बोल्टला मागे ढकलणारं बळ फक्त त्या एवढ्याशा काडतुसाचं. काडतूस जरा मऊ, चेंबर घाण, नख बोथट, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पुंगळी उभी राहणारच. "पिस्तूल वाईट नाही," आर्मरर म्हणाले, "पण ह्या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत. बनवून घ्यावे लागतील." निम्म्या किमतीचा हिशेब तिथं कळला.

आता हे सगळं सोसल्यावर नव्यांना सांगते.

आधी हात बघा. कारखान्याच्या ग्रिप लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत येतात, डावखुऱ्यांच्या वेगळ्या. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून घ्या. नळी टार्गेटच्या दिशेला ठेवून नेहमीसारखं धरा, डोळे मिटा, हात वर करा आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली पाहिजे. दर वेळी एका बाजूला दिसत असेल तर दोष तुमच्यात नाही, ग्रिपमध्ये आहे. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर यावा आणि बोट लाकडाला घासू नये. तळहाताखालची फळी हाताला टेकावी, चिमटू नये. थोडा फरक असेल तर कानस आणि वुड पुट्टीनं जमवता येतो, पण नियमात बसेल एवढाच. दोन मापांचा फरक टेपनं भरून निघत नाही.

मग वजन. 25 मीटर पिस्तूल प्रकारात पिस्तूल 1400 ग्रॅमपर्यंत चालतं, म्हणून तेवढंच हवं असं नाही. दुकानात उचललं तर सगळीच हलकी लागतात. पूर्ण 60 शॉटचा सामना मारून बघा. शेवटच्या दोन रॅपिड सिरीजमध्ये हात वर यायला उशीर होतोय का, खांदा आखडतोय का, तिथं खरं उत्तर मिळतं. ट्रिगरचं वजन 1000 ग्रॅमपेक्षा कमी नको. वापरलेलं पिस्तूल असेल तर वजन लावून तपासा, कारण आधीच्या मालकानं ट्रिगर घासून हलका केलेला असू शकतो. तपासणीच्या टेबलावर ते तुमच्या नावानं निघेल.

भरवशाची परीक्षा सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. किमान 300 राउंड मारा, तेही जे तुम्हाला वर्षभर परवडतील आणि मिळतील तेच. प्रत्येक मॅगझिनवर मार्करनं आकडा टाका. जॅम झाला की वहीत लिहा: कितवा राउंड, कोणतं मॅगझिन, कोणती पेटी. एकाच मॅगझिनला होत असेल तर त्याचे ओठ वाकले असतील. ठरावीक राउंडांनंतर होत असेल तर घाण. पेटी बदलल्यावर सुरू झाला असेल तर काडतूस. आणि जॅम कसाही झाला तरी आधी हात वर, सरावातसुद्धा. बोल्टला हात सरांनी सांगितल्यावरच.

ही चाचणी रेंजवर, मालक आणि प्रशिक्षक शेजारी उभे असताना घ्या. "दोन दिवस घरी ठेवून बघा" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. परवान्यावर नोंद नसलेलं शस्त्र घरी ठेवणं हा गुन्हा आहे. परवाना कोल्हापूरसारख्या ठिकाणी जिल्हाधिकारी देतात, पुण्या-मुंबईत पोलीस आयुक्त. पिस्तुलावरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा.

शेवटी दोन प्रश्न विचारा: ह्याचे स्प्रिंग, फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर आज मिळतात का? आणि ते बसवणारा माणूस किती लांब आहे? पार्ट महिनाभरानं येणार असतील तर पिस्तुलाबरोबरच एक जादा संच घेऊन ठेवा. आमच्याकडच्या पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल लागतंच. तेल मात्र बोटाला लागेल न लागेल एवढंच. जास्त तेलानं मेण आणि शिसं चिकटतं. आणि .22 चं पिस्तूल रिकामं कटकट वाजवत सराव करू नका. पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटू शकते. त्यासाठी नकली काडतुसं मिळतात.

माझं आताचं पिस्तूल क्लबच्या पिस्तुलाचंच भावंड, लहान ग्रिपचं. नाव सांगितलं तर कुणी भुवया उंचावत नाही. वहीत 2,140 राउंडांची नोंद आहे, त्यात दोन जॅम, दोन्ही मॅगझिन क्रमांक 3 मध्ये. ते मॅगझिन मी बाद केलं.

तेव्हा कुणी "टकाटक आहे" म्हणत पिस्तूल पुढं केलं, तर वाद घालू नका. म्हणा, चला रेंजवर, राउंड माझे.