हॉर्नची सरासरी कशी काढाल?

तुमची शाळा हमरस्त्यालगत असेल तर हा अनुभव तुम्हांला नवा नाही. फळ्यावर प्रमेयाची शेवटची पायरी चाललेली असते, नेमका तेव्हाच चौकातला सिग्नल सुटतो, हॉर्न सुरू होतात आणि मागच्या बाकांपर्यंत ती पायरी पोचतच नाही. ‘फार गोंगाट होतो’ अशी तक्रार महानगरपालिकेकडे केली तर विचारतील, फार म्हणजे किती? प्रश्न रास्त आहे. मतदानाला १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात; मोजमापाला मात्र वयाची अट नाही.

ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये दाखवणारे अ‍ॅप आज मोबाइलवर फुकट मिळते. शिक्षकांच्या परवानगीने वर्गाच्या खिडकीत मोबाइल ठेवा आणि तासभर दर अर्ध्या मिनिटाला आकडा टिपा. इथपर्यंत सोपे आहे. खरी गंमत पुढे, सरासरी काढताना.

समजा, तासातील ५५ मिनिटे पातळी ५० डेसिबेल होती आणि हॉर्नच्या एकूण ५ मिनिटांत ती ८० झाली. नेहमीच्या रीतीने सरासरी काढली तर ५२.५ येते. वाटते, काही विशेष नाही! पण ही रीत येथे चुकीची आहे. डेसिबेलमध्ये दर १० ची वाढ म्हणजे तीव्रता दसपट. कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या ध्वनीची तीव्रता १ धरली, तर ५० डेसिबेल म्हणजे १ लाख आणि ८० डेसिबेल म्हणजे १० कोटी. सरासरी या तीव्रतांची काढायची असते.

५ × १० कोटी = ५० कोटी
५५ × १ लाख = ५५ लाख

बेरजेला ६० ने भागल्यास सुमारे ८४ लाख येतात. १० लाख म्हणजे ६० डेसिबेल व १ कोटी म्हणजे ७०. तेव्हा आपले उत्तर ६९ च्या आसपास. त्या ५५ शांत मिनिटांचा हिशेबात जवळजवळ पत्ताच लागत नाही. (६३, ७४ अशा आकड्यांसाठी गणकयंत्रावरील लॉगची कळ वापरा.)

आता नियम पाहू. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार सकाळी ६ ते रात्री १० या काळात निवासी भागात ५५ आणि शांतता क्षेत्रात ५० डेसिबेल ही मर्यादा आहे. ती दिवसभराच्या अशाच सरासरीला लागू होते, म्हणून एका तासाचा आकडा हा केवळ इशारा समजावा. शाळेभोवतीचे १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र, असे आपण धरून चालतो. परंतु २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसे अधिसूचित केले असेल तरच तो परिसर शांतता क्षेत्र ठरतो. तुमची शाळा त्या यादीत आहे का?

हे विचारण्याची सोय आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा (२००५) हा हक्क ‘नागरिकांना’ देतो. त्यात वय लिहिलेले नाही, आणि माहिती कशासाठी हवी हेही सांगावे लागत नाही. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरून १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तरी त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी धाडायचा असतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. मोबाइल हे प्रमाणित ध्वनिमापक यंत्र नव्हे. माझ्या विद्यार्थ्यांनी पाच मोबाइल एकाच बाकावर मांडले, तर पाचांचे पाच आकडे! म्हणून शेवटपर्यंत मोबाइल एकच ठेवा, जागाही तीच, आणि रविवारी त्याच वेळी पुन्हा मोजा. मोबाइल ५ डेसिबेल जास्त दाखवत असेल तर साधारणपणे दोन्ही दिवशी तेवढेच जास्त दाखवील, आणि वजाबाकीत ती चूक निघून जाईल. ‘शाळेच्या दिवशी पातळी रविवारपेक्षा इतकी अधिक’ हे विधान त्यामुळे भक्कम ठरते. नुसता ‘६९’ तितका भक्कम नाही.

तक्रारीसोबत वाचनांचा पूर्ण तक्ता जोडा, वेळा लिहा, आणि मोबाइल प्रमाणित नाही हेही तुम्हीच लिहा. प्रमाणित यंत्राने मोजणी करून द्यावी, एवढीच मागणी करा. त्या यंत्राचे वाचन चालू असताना शेजारी तुमचा मोबाइलही ठेवायला विसरू नका. तो किती चुकतो हे कळले की उरलेल्या खिडक्या तुम्हांला मोजता येतील.