सुरक्षा अधिकाऱ्याची पात्रता आणि कामगाराचा प्रश्न

कारखान्यातील सुरक्षा अधिकाऱ्याला एखाद्या कामगाराने सर्वांदेखत ‘तुमचे शिक्षण काय?’ असे विचारले, तर तो उद्धटपणा समजावा की हक्क? आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कर्मचारी व्यवस्थापनाच्या पुस्तकात शिस्तभंग, कारणे दाखवा नोटीस, खात्यांतर्गत चौकशी हे सारे शिकावे लागते. परंतु या साध्या प्रश्नाचे उत्तर मला त्यात आढळले नाही. म्हणून एका घडलेल्या गोष्टीच्या आधारे त्याचा विचार येथे केला आहे.

गोष्ट बोरगावची आहे. आपल्याकडे बोरगाव म्हटले की निपाणीजवळचे, यंत्रमागांचे बोरगाव आठवते. हे बोरगाव मध्य प्रदेशात, नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर, सौंसर तालुक्यात आहे. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, त्यात ते आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. त्यामुळे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असा तेथील व्यवहार आहे. सीमाभागातील वाचकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही! बोरगावला औद्योगिक वसाहत आहे. माझ्या आईचे माहेर तिकडचे, आणि मामा तेथल्याच एका कारखान्यात फिटर आहेत.

त्या कारखान्यात एक नवे सुरक्षा अधिकारी आले. वय पंचविशीच्या आसपास, भाषा हिंदी व इंग्रजी. एके दिवशी ठेकेदाराची माणसे एका बंद टाकीत सफाईसाठी उतरणार होती. आतील हवा तपासल्याशिवाय उतरायचे नाही, असे सांगून अधिकाऱ्यांनी काम थांबविले. काम उक्ते होते, त्यामुळे अर्धा दिवस बुडाला. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्यापूर्वीच्या सभेत मामांच्या बरोबरीचे एक जुने फिटर उठले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही कोठं शिकले जी? किती वर्षं काम केलं टाकीवर?” लोक हसले. अधिकारी लाल झाले व सभा तेथेच संपली. चार दिवसांनी त्या फिटरना गैरवर्तनाबद्दल नोटीस मिळाली. पुढे ती मागे घेतली गेली. पण त्यानंतर बरेच महिने सभेत कोणी तोंड उघडले नाही, असे मामा सांगतात. वरवर पाहता शिस्त आली. मात्र ज्या सभेत कामगार बोलत नाहीत, तेथे गळणारा व्हॉल्व्ह कोणता हे अधिकाऱ्याला कोण सांगणार?

आता कायदा पाहू. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये १९७६ साली कलम ४०-ब घालण्यात आले आणि १,००० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमणे आले. अशा अधिकाऱ्यांसाठी राज्यांनी जे नियम केले, त्यांत थोडाफार फरक असला तरी साचा एकच आहे. पहिली अट अभियांत्रिकी किंवा तत्सम शिक्षण व कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून काही वर्षांचा अनुभव. दुसरी, औद्योगिक सुरक्षेची मान्य पदवी अथवा पदविका, उदाहरणार्थ मुंबईला शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेची. तिसऱ्या अटीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही: त्या भागातील बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात, तिचे पुरेसे ज्ञान. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कामगारांची मर्यादा ५०० वर आणली असून धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत ती २५० आहे.

तेव्हा त्या फिटरने जे विचारले, ते कायद्याने स्वतःच विचारून ठेवलेले आहे. त्यांचा सूर चुकला असेल. प्रश्न चुकला नव्हता.

येथे वाणिज्याचा एक धडा उपयोगी पडतो. अभिकर्त्याचा अधिकार त्याच्या मालकाकडून येतो, त्याच्या हुशारीतून येत नाही. सुरक्षा अधिकाऱ्याचेही तसेच आहे. काम थांबविण्याचा त्याचा अधिकार नेमणुकीतून येतो, तर त्याच्या शब्दावर विश्वास बसतो तो पात्रतेमुळे. बोरगावच्या सभेत या दोन्हींची गल्लत झाली. प्रश्न पात्रतेविषयी होता. उत्तर अधिकाराच्या भाषेत, म्हणजे नोटिशीने, दिले गेले. उलट बाजूनेही गल्लत होऊ शकते. पात्रतेविषयी शंका आहे म्हणून टाकीत उतरायचे, असे कोणी म्हणू लागला तर ते मुळीच मान्य करता येणार नाही. हवा विषारी असेल तर ती पदविका पाहून थांबत नाही. काम बंदच ठेवावे आणि शंका मागाहून सोडवावी.

ती कशी सोडवावी? अधिकाऱ्याने तेथल्या तेथे दोन वाक्यांत उत्तर द्यावे: शिक्षण अमुक, अनुभव अमुक, आणि टाकीवरचा अनुभव तुमच्याइतका नाही. हे शेवटचे वाक्य म्हणणे कठीण, पण त्यानेच निम्मा राग उतरतो. कागदपत्रांची खातरजमा हे मात्र त्याचे काम नव्हे. ती कार्मिक खात्याने नेमणुकीच्या वेळीच, झेरॉक्सवर न विसंबता, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून करून घ्यावी, आणि सुरक्षा समितीतील कामगार प्रतिनिधींना कळवावी. सनदी लेखापाल अहवालावर सहीबरोबर आपला सदस्यत्व क्रमांक घालतो. त्यात त्याचा अपमान होतो असे कोणी मानत नाही. तसेच प्रश्नामागे काय आहे तेही ओळखले पाहिजे. बोरगावला बहुधा शिक्षणापेक्षा बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी बोलत होती; हवा तपासण्याचा वेळ ठेक्याच्या दरातच धरलेला असता, तर कदाचित प्रश्नच निघाला नसता.

कामगाराच्या प्रश्नाला नोटिशीने उत्तर देण्याची किंमत मध्य प्रदेशाइतकी कोणी मोजली नसेल. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. संघटनेने आवाज उठविला. मे १९८२ मध्ये मूळ कंपनीच्या अमेरिकन तपासणी पथकानेही दोष दाखविले. तरीही २–३ डिसेंबर १९८४ ची रात्र उजाडली. यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात सुरक्षा समितीतील कामगारांचा सहभाग, धोका दिसताच तो कळविण्याचा हक्क आणि सुरक्षेविषयी माहिती मागण्याचा हक्क ही कलमे आली. नव्या संहितेतही माहिती मागण्याचा हक्क आहे. भोपाळच्या कारखान्यातील सूचनापुस्तके इंग्रजीत होती आणि अनेक कामगारांना ती वाचता येत नव्हती, असेही नोंदले गेले आहे.

म्हणून मला तिसरी अट सर्वांत महत्त्वाची वाटते. पदविका भिंतीवर टांगता येते. तिची छाननी एकदाच होते. भाषेची परीक्षा कामगार रोज घेतात. बोरगावच्या त्या अधिकाऱ्यांनी पुढे टाकीत उतरण्याच्या सूचना मराठीत करून घेतल्या, आणि त्या तपासून देण्याचे काम त्याच जुन्या फिटरकडे दिले. फिटरनी ‘वायुवीजन’ हा शब्द खोडून ‘हवा खेळती ठेवणे’ असे लिहिले म्हणतात.

पण ‘बहुसंख्य कामगारांची भाषा’ कायम एकच राहत नाही. आपल्या उद्यमबागेतील फौंड्र्यांत एका साच्याभोवती मराठी व कन्नड बोलणारे कामगार असतात, आणि आता परराज्यांतून आलेलेही दिसतात. ठेका बदलला की संख्या बदलते, आणि कालपर्यंत नियमाप्रमाणे पात्र असलेला अधिकारी, एकही प्रमाणपत्र न गमावता, उद्या तिसऱ्या अटीत नापास होऊ शकतो. ही अट नेमणुकीच्या दिवशीच तपासून फाईल बंद करण्याऐवजी सुरक्षा समितीने दरवर्षी कामगारांची हजेरीपुस्तके समोर ठेवून तपासावी, असे मला वाटते. आपल्या विभागांतील प्राध्यापकांनी मराठी-कन्नड सूचनापत्रके तपासून देण्याचे मनावर घेतले, तर उद्यमबाग महाविद्यालयापासून फार दूर नाही.